कुंभकोणमच्या व्यापारी इमारती आणि माणसाची चाहूल घेणारे दिवे

खोलीत माणूस आला की दिवा लावणारा आणि तो निघून गेल्यानंतर काही मिनिटांनी दिवा बंद करणारा सेन्सर आता महानगरांतील कार्यालये आणि पंचतारांकित हॉटेलांपुरता मर्यादित राहिलेला नाही. मध्यम आकाराच्या शहरांतील विद्युत साहित्याच्या दुकानांतही तो सहज मिळतो. मात्र या उपकरणाच्या माहितीपत्रकात गृहीत धरलेली खोली बहुधा बंद, वातानुकूलित आणि छताला पंखा नसलेली असते. तमिळनाडूतील कुंभकोणमसारख्या उष्ण, दमट आणि मुख्यतः छताच्या पंख्यांवर अवलंबून असलेल्या शहरात परिस्थिती वेगळी असते. तेथे सेन्सरची निवड चुकली, तर माणूस आत बसलेला असताना अंधार होतो किंवा कोणीही नसताना दिवा जळत राहतो. दोन्ही प्रसंगी वापरणारे कंटाळून सेन्सर वगळून थेट जोडणी करून घेतात. त्यानंतर वीज वाचत नाही आणि उपकरणाचा खर्चही वाया जातो.

कोणत्या जागी कोणता सेन्सर चालतो, त्यातून किती वीज वाचू शकते, कायदा काय सांगतो आणि कोणते दिवे सेन्सरच्या हवाली करू नयेत, याचा हा आढावा.

कुंभकोणमचे स्वरूप

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे शहर कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती. २०२१ मध्ये या शहराला महानगरपालिकेचा दर्जा देण्यात आला. आदि कुंभेश्वर, सारंगपाणी, चक्रपाणी आणि रामस्वामी ही येथील प्रमुख मंदिरे आहेत. दर बारा वर्षांनी येथील महामहम तलावावर मोठा स्नानोत्सव भरतो. यापूर्वीचा उत्सव २०१६ मध्ये झाला होता.

मराठी वाचकांना हा प्रदेश अपरिचित नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसले घराण्याची गादी होती. कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा आणि मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आजही जतन करण्यात आला आहे.

कुंभकोणमची अर्थव्यवस्था यात्रा, शिक्षण आणि व्यापार यांवर उभी आहे. रेशमी साड्यांची दुकाने, पितळी भांड्यांची आणि समयांची दुकाने, यात्रेकरूंसाठीची लॉज, लग्नकार्यालये, रुग्णालये आणि महाविद्यालये येथे मोठ्या संख्येने आहेत. जवळचे तिरुभुवनम रेशमी वस्त्रांसाठी, तर नाच्चियारकोविल हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. १९०४ मध्ये कुंभकोणम बँक या नावाने स्थापन झालेल्या सिटी युनियन बँकेचे मुख्यालयही याच शहरात आहे. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण येथेच गेले.

थोडक्यात, एकाच रस्त्यावर वातानुकूलित बँक, पंख्यावर चालणारे भांड्यांचे दुकान, रात्रंदिवस उघडे असणारे लॉज आणि महिन्यातून ठरावीक मुहूर्तांनाच गजबजणारे लग्नकार्यालय अशा चार वेगवेगळ्या प्रकारच्या इमारती असू शकतात. त्यांच्या गरजा एकसारख्या नाहीत.

सेन्सरचे मुख्य प्रकार

उपस्थिती ओळखणाऱ्या सेन्सरला इंग्रजी व्यवहारात ‘ऑक्युपन्सी सेन्सर’ म्हणतात. बाजारात तो ‘मोशन सेन्सर’ या नावानेही मिळतो. प्रत्यक्षात बहुतेक सेन्सर माणूस ओळखत नाहीत, तर हालचाल ओळखतात. ही मर्यादा लक्षात घेतली नाही, तर पुढील अडचणी अटळ असतात.

सर्वाधिक वापरला जाणारा आणि सर्वांत स्वस्त प्रकार ‘पीआयआर’ या नावाने ओळखला जातो. मानवी शरीरातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. त्यांची तरंगलांबी मुख्यतः ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास असते. सेन्सरवरील पांढुरक्या प्लॅस्टिकच्या भिंगामुळे खोलीचे अनेक अदृश्य पट्टे पडतात. उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेले की आतील स्फटिकावर पडणाऱ्या उष्णतेत बदल होतो आणि त्याचे विद्युत संकेतात रूपांतर होते. हा सेन्सर स्वतः कोणताही किरण सोडत नाही. त्याला माणूस थेट दिसावा लागतो. मध्ये काच, लाकूड किंवा कपाट आल्यास तो निरुपयोगी ठरतो. सेन्सरसमोरून आडवे जाणारे माणूस त्याला चटकन कळते, तर त्याच्याच दिशेने सरळ चालत येणारे उशिरा कळते.

दुसरा प्रकार स्वनातीत ध्वनिलहरींचा आहे. हा सेन्सर सामान्यतः २५ ते ४० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या लहरी सोडतो. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते आणि त्यावरून हालचालीचा अंदाज घेतला जातो. या लहरी अडथळ्यांना वळसा घालून पोहोचतात. त्यामुळे आडपडदे असलेल्या स्वच्छतागृहांत हा प्रकार उपयुक्त ठरतो.

तिसरा प्रकार सूक्ष्मलहरींचा, म्हणजे मायक्रोवेव्हचा आहे. भारतीय बाजारात मिळणाऱ्या अशा सेन्सरांपैकी अनेक ५.८ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांच्या लहरी लाकूड, काच आणि पातळ भिंतींतून आरपार जातात. त्यामुळे ते फॉल्स सीलिंगच्या वर किंवा दिव्याच्या आवरणाआड लपविता येतात. परंतु शेजारच्या खोलीतील किंवा बाहेरच्या बोळातील हालचालीनेही दिवा लागण्याची शक्यता असते.

दोन तंत्रे एकत्र वापरणाऱ्या चौथ्या प्रकारात दिवा लागण्यासाठी दोन्ही तंत्रांचा होकार आवश्यक असतो, तर तो चालू राहण्यासाठी कोणत्याही एकाचा होकार पुरेसा असतो. अलीकडच्या काळात २४ आणि ६० गिगाहर्ट्झवर चालणारे छोटे रडार सेन्सरही उपलब्ध झाले आहेत. श्वासोच्छ्वासामुळे छातीची होणारी अत्यल्प हालचाल टिपण्याची त्यांची क्षमता असते. त्यामुळे स्थिर बसलेला माणूसही त्यांना ओळखता येतो.

उष्मा आणि पंखा

कुंभकोणममध्ये एप्रिल ते जून या काळात कमाल तापमान अनेकदा ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारणपणे ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान असते. म्हणजेच उन्हाळ्याच्या दुपारी वातानुकूलन नसलेल्या खोलीतील भिंत, फरशी आणि माणूस यांच्या तापमानांत फारसा फरक उरत नाही. पीआयआर सेन्सरचे काम या फरकावरच चालते. फरक घटला की त्याची संवेदनक्षमता घटते आणि एरवी सहा मीटरवरून माणूस ओळखणारा सेन्सर त्याहून बऱ्याच कमी अंतरापर्यंतच प्रतिसाद देतो. जानेवारीत उत्तम चाललेला सेन्सर मे महिन्यात ‘बिघडला’ अशी तक्रार आली, तर प्रत्येक वेळी दोष उपकरणातच असतो असे नाही.

यावर मायक्रोवेव्ह किंवा ध्वनिलहरींचा सेन्सर बसविणे हा सरळ उपाय वाटतो. परंतु येथे छताचा पंखा आडवा येतो. या दोन्ही प्रकारांना कोणतीही हालचाल पुरते आणि ती माणसाची आहे की पंख्याच्या पात्याची, हा भेद साध्या सेन्सरला करता येत नाही. पंखा सुरू राहिला तर रिकाम्या खोलीतही दिवा जळत राहतो. वाऱ्याने हलणारा पडदा, दोरीवर टांगलेले कापड किंवा आकड्याला लटकणारी भांडी यांचाही हाच परिणाम होतो.

पितळी भांड्यांच्या दुकानात आणखी एक अडचण येते. चकचकीत धातूच्या पृष्ठभागावरून सूक्ष्मलहरी परावर्तित होतात आणि सेन्सरचा आवाका अनपेक्षित दिशांना पसरतो. रेशमी वस्त्रांच्या दुकानात याच्या उलट घडते. कापडाच्या ताग्यांनी भरलेल्या भिंती ध्वनिलहरी शोषून घेतात, त्यामुळे त्या प्रकारच्या सेन्सरचा आवाका आखडतो. बैठकीवर बसून साड्या पाहणारे ग्राहक बराच वेळ फारसे हलत नाहीत. अशा ठिकाणी पीआयआर सेन्सरने दिवे नियंत्रित केल्यास ऐन खरेदीच्या वेळी अंधार होण्याचा धोका असतो.

यावरून असे दिसते की दुकानाचा दर्शनी विक्रीकक्ष ही सेन्सरची जागा नव्हे. व्यवसायाच्या वेळेत तेथील दिवे चालूच राहणार असल्याने त्यांच्यासाठी वेळापत्रकावर चालणारा टायमर अधिक योग्य ठरतो. सेन्सरचा खरा उपयोग मागच्या बाजूला असतो. गोदाम, स्वच्छतागृह, नोंदवह्यांची खोली, वातानुकूलित केबिन, बैठकीची खोली आणि लग्नकार्यालयातील सामानाच्या खोल्या या जागा दिवसातून थोडाच वेळ वापरल्या जातात आणि तेथील दिवा बंद करणे ही कोणा एकाची जबाबदारी नसते. बंद गोदामात सहसा पंखा नसतो, त्यामुळे तेथे मायक्रोवेव्ह सेन्सर चालू शकतो. वातानुकूलित केबिनमध्ये तापमान २४ ते २६ अंशांच्या आसपास राहत असल्याने साधा पीआयआर सेन्सर वर्षभर नीट काम करतो. पंखा असलेल्या आणि वातानुकूलन नसलेल्या खोलीत मात्र माणसाने हाताने लावायचा आणि बंद करायचा साधा स्विच हाच अनेकदा सर्वांत विश्वासार्ह उपाय ठरतो.

अभ्यासांतील निष्कर्ष

सेन्सरमुळे किती वीज वाचते, याबाबत विक्रेत्यांचे दावे आणि प्रत्यक्ष मोजमाप यांत अंतर असते. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ राज्यांतील १५८ खोल्यांमधील दिव्यांचा आणि माणसांच्या वावराचा मागोवा घेण्यात आला होता. त्या देशाची पर्यावरण संरक्षण संस्था आणि रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटचे प्रकाशयोजना संशोधन केंद्र यांचा त्यात सहभाग होता. माणूस गेल्यानंतर दिवा बंद होण्यास २० मिनिटांचा अवधी ठेवल्यास आणि तो ५ मिनिटांवर आणल्यास किती बचत होईल, हे त्यात तपासण्यात आले. स्वच्छतागृहांत ही बचत ४७ ते ६० टक्के, वर्गखोल्यांत ५२ ते ५८ टक्के, बैठकीच्या खोल्यांत ३९ ते ५० टक्के, स्वतंत्र केबिनमध्ये २८ ते ३८ टक्के आणि विश्रांतीकक्षांत १७ ते २९ टक्के आढळली.

या आकड्यांतून दोन बाबी स्पष्ट होतात. बचत खोलीच्या उपयोगावर अवलंबून असते, आणि दिवा बंद होण्याचा अवधी जितका लहान तितकी ती वाढते.

त्यानंतर अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ८८ लेख आणि प्रकरण-अभ्यासांतील २४० अंदाजांचे एकत्रित विश्लेषण केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणानुसार व्यापारी इमारतींत उपस्थितीवर आधारित नियंत्रणामुळे दिव्यांच्या विजेत सरासरी २४ टक्के बचत होते. सूर्यप्रकाशानुसार दिवे मंद करणाऱ्या योजनेची सरासरी बचत २८ टक्के, तर अनेक उपाय एकत्र वापरल्यास ती ३८ टक्के आढळली. ‘निम्मे वीजबिल वाचेल’ असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते कोणत्या खोल्यांबाबत आहे आणि एकूण बिलात दिव्यांचा वाटा किती आहे, हे विचारणे त्यामुळे आवश्यक ठरते. उष्ण प्रदेशातील वातानुकूलित इमारतीत विजेचा मोठा भाग थंडाव्यासाठी खर्च होत असतो.

एलईडीनंतर बदललेले गणित

सेन्सरचा प्रसार सुरू झाला तेव्हा व्यापारी इमारतींत प्रामुख्याने नळीदिवे होते. ४० वॅटचा जुना नळीदिवा आणि त्याचा चोक मिळून सुमारे ५२ वॅट वीज घेत. आज त्याच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी बसते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘उजाला’ योजनेनंतर एलईडी दिव्यांच्या किमती मोठ्या प्रमाणावर उतरल्या आणि त्यांचा वापर सर्वदूर पसरला. दिवाच कमी वीज घेऊ लागल्याने तो बंद करण्यातून होणारी बचतही कमी झाली.

उदाहरणादाखल सहा दिव्यांचे एक गोदाम घेता येईल. तेथील दिवे रोज पाच तास विनाकारण जळतात आणि वर्षातील ३०० दिवस गोदाम उघडे असते असे मानू. जुन्या नळीदिव्यांच्या बाबतीत वाया जाणारी वीज वर्षाला ४६८ युनिट भरते, तर एलईडीच्या बाबतीत १८० युनिट. हिशेबासाठी युनिटचा दर ९ रुपये धरल्यास ही रक्कम अनुक्रमे ४,२१२ आणि १,६२० रुपये होते. सेन्सर आणि तो बसविण्याची मजुरी मिळून १,५०० रुपये खर्च येतो असे मानले, तर तो पहिल्या प्रसंगी चार-साडेचार महिन्यांत आणि दुसऱ्या प्रसंगी सुमारे अकरा महिन्यांत वसूल होईल. त्याच सेन्सरवर २० वॅटचा एकच दिवा असेल, तर खर्च वसूल होण्यास साडेपाच वर्षे लागतील.

सेन्सर स्वतःही वीज घेतो. अर्धा ते एक वॅट वीज घेणारा सेन्सर वर्षभर चालू राहिल्यास ४ ते ९ युनिट खर्च करतो. ९ वॅटचा एकच दिवा रोज एक तास वाया जात असेल, तर वर्षभराचा अपव्यय सुमारे ३.३ युनिट होतो. अशा जागी सेन्सर बसविल्यास विजेचा वापर उलट वाढेल. त्यामुळे आधी दिवे बदलणे, नंतर एका सेन्सरवर अनेक दिवे जोडता येतील अशा जागा निवडणे, हा क्रम फायद्याचा ठरतो.

कायद्यातील तरतुदी

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना करण्यात आली. ब्यूरोच्या पुढाकाराने मे २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर करण्यात आली. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या इमारतींत दिव्यांसाठी स्वयंचलित नियंत्रण असावे, अशी तरतूद तिच्यात होती. ३० चौरस मीटरपेक्षा लहान बंदिस्त कार्यालये, बैठकीच्या खोल्या, शाळांच्या वर्गखोल्या आणि साठवणीच्या जागा यांमध्ये उपस्थिती ओळखणारे सेन्सर बसविण्यास सांगण्यात आले होते. माणूस गेल्यानंतर ३० मिनिटांच्या आत दिवा बंद व्हावा, अशी अटही होती. २०१७ च्या सुधारित संहितेत स्वयंचलित नियंत्रणाची मर्यादा ३०० चौरस मीटरपर्यंत आणि दिवा बंद होण्याची मुदत १५ मिनिटांपर्यंत खाली आणण्यात आली.

ही संहिता मुख्यतः १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार, अथवा १२० केव्हीए किंवा त्याहून अधिक करार मागणी असलेल्या व्यापारी इमारतींसाठी आहे. २०२२ च्या दुरुस्ती कायद्याने तिची व्याप्ती वाढविली असून तिला शाश्वततेच्या निकषांचीही जोड दिली आहे. तरीही कुंभकोणमच्या बाजारपेठेतील बहुसंख्य दुकाने, लहान लॉज आणि जुनी लग्नकार्यालये जोडभाराच्या या मर्यादेपेक्षा बरीच लहान असतात. तेथे सेन्सरचा निर्णय कायदा नव्हे, तर मालक आणि त्याचा वायरमन घेतात. योग्य माहितीचे महत्त्व म्हणूनच अशा ठिकाणी अधिक आहे.

देशातील दोन उदाहरणे

हैदराबाद येथील सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर या इमारतीचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते जुलै २००४ मध्ये झाले होते. ‘लीड’ मानांकनातील प्लॅटिनम हा सर्वोच्च दर्जा मिळविणारी ती देशातील पहिली इमारत ठरली. खोल्यांची रचना करतानाच दिवसाचा उजेड आतपर्यंत पोहोचेल याची काळजी घेण्यात आल्याने तेथे दिव्यांची गरजच मर्यादित राहिली.

पुण्यातील हडपसर येथे वास्तुविशारद क्रिस्टोफर बेनिंजर यांनी आखलेल्या ‘सुझलॉन वन अर्थ’ या संकुलातही नैसर्गिक उजेडाचा पुरेपूर वापर आणि उपस्थिती व सूर्यप्रकाश ओळखणारे सेन्सर यांची सांगड घालण्यात आली. या दोन्ही ठिकाणी दिव्यांचे नियोजन इमारतीच्या आराखड्याबरोबरच झाले होते. जुन्या इमारतीत सेन्सर नंतर बसविला जातो तेव्हा वायरिंग, पंख्यांच्या जागा आणि कपाटांची मांडणी आधीच ठरलेली असते. त्यामुळे मोठ्या इमारतींतील बचतीचे आकडे जसेच्या तसे लहान दुकानाला लावता येत नाहीत.

कोणते दिवे सेन्सरवर नसावेत

इमारतीतील सुरक्षिततेचा प्रश्न कुंभकोणममध्ये केवळ तांत्रिक मानला जात नाही. १६ जुलै २००४ रोजी येथील एका शाळेत लागलेल्या आगीत ९४ बालकांचा मृत्यू झाला. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात लागलेली ही आग गवती छपरापर्यंत पोहोचली होती आणि अरुंद जिन्यामुळे मुलांना वेळेत बाहेर पडता आले नाही. या दुर्घटनेचा दिव्यांशी किंवा सेन्सरशी काहीही संबंध नव्हता. मात्र इमारतीतून बाहेर पडण्याचा मार्ग किती महत्त्वाचा असतो, हे तिने देशाला दाखवून दिले. याच घटनेच्या पार्श्वभूमीवर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे सांगून न्यायालयाने शाळांच्या इमारतींसाठी अग्निसुरक्षेचे निकष बंधनकारक केले.

वीज वाचविण्याचा कोणताही उपाय बाहेर पडण्याच्या मार्गाआड येता कामा नये. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही आणीबाणीच्या दिव्यांना स्वयंचलित नियंत्रणातून वगळण्यात आले आहे. बाहेर जाण्याचा मार्ग दाखविणाऱ्या पाट्या, आपत्कालीन दिवे, वीजजोडणीचे पॅनेल असलेली खोली, चालती यंत्रे आणि रुग्णांवर उपचार होत असलेल्या खोल्या येथील दिवे सेन्सरमुळे अचानक बंद होऊ शकतील अशी जोडणी करू नये.

जिने आणि लॉजचे लांब बोळ यांसाठी मधला मार्ग उपलब्ध आहे. तेथे दिवा पूर्ण बंद न करता मंद ठेवला जातो आणि माणूस येताच तो पूर्ण उजळतो. दुसऱ्या पद्धतीत दर तीन किंवा चार दिव्यांपैकी एक दिवा कायम चालू ठेवून उर्वरित दिवे सेन्सरवर जोडले जातात. सेन्सर नादुरुस्त झाला तरी यामुळे पायऱ्या अंधारात जात नाहीत.

बसविताना घ्यावयाची काळजी

सेन्सरची जागा ठरविण्यापूर्वी खोली प्रत्यक्ष कशी वापरली जाते, हे किमान एक आठवडा पाहणे हितावह ठरते. पीआयआर सेन्सर दाराच्या अगदी समोर बसविल्यास बाहेरून जाणाऱ्या प्रत्येकाला पाहून दिवा लागतो. तो दाराच्या बाजूच्या भिंतीवर किंवा छतावर अशा रीतीने असावा, की आत पाऊल टाकणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल. वातानुकूलन यंत्राचा थेट झोत, उन्हे येणारी खिडकी आणि पंख्याची पाती त्याच्या नजरेत नसावीत. मायक्रोवेव्ह सेन्सरची संवेदनक्षमता खोलीच्या आकाराइतकीच ठेवावी, अन्यथा रस्त्यावरील वाहतुकीनेही दिवे लागू शकतात.

दिवा बंद होण्याच्या अवधीबाबत जुना आणि नवा सल्ला वेगळा आहे. नळीदिवा वारंवार लावल्यास त्याचे आयुष्य घटत असे, म्हणून १५ ते २० मिनिटांचा अवधी सुचविला जात होता. एलईडीला ही अडचण नसल्याने गोदामात पाच मिनिटेही पुरतात. स्वच्छतागृहात मात्र अवधी फार लहान ठेवू नये. तेथे अंधारात अडकलेल्या वृद्ध व्यक्तीची गैरसोय काही पैशांच्या बचतीपेक्षा महत्त्वाची असते.

ज्या खोलीत दिवसा पुरेसा उजेड येतो तेथे दिवा आपोआप लागण्याची गरज नसते. अशा ठिकाणी माणसाने हवा तेव्हा स्विच दाबून दिवा लावावा आणि सेन्सरने केवळ तो बंद करावा, ही पद्धत अधिक वीज वाचविते. तसेच सेन्सरबरोबर भिंतीवर हाताने चालणारा स्विचही असावा.

विजेच्या जोडणीतही काही बारकावे आहेत. एलईडी दिवे लागण्याच्या क्षणी अत्यल्प काळ नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढतात. एका छोट्या सेन्सरवर अनेक दिवे जोडल्यास त्यातील रिलेचे संपर्क वितळून चिकटू शकतात आणि मग दिवा बंदच होत नाही. माहितीपत्रकात एलईडीसाठी दिलेली वॅटची मर्यादा स्वतंत्रपणे पाहावी आणि भार जास्त असल्यास कॉन्टॅक्टर वापरावा. वीज जाऊन परत आल्यानंतर अनेक पीआयआर सेन्सरांना स्थिर होण्यासाठी अर्धा ते एक मिनिट लागतो, ही बाबही कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावी. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दुकानांत मात्र सेन्सरचा आणखी एक फायदा होतो. रिकाम्या खोल्यांतील दिवे बंद राहिल्याने बॅटरी अधिक काळ पुरते.

शेवटची पायरी तपासणीची आहे आणि तीच बहुधा वगळली जाते. सेन्सर बसविल्यानंतर एकदा पावसाळ्यात किंवा थंडीत आणि एकदा मे महिन्याच्या दुपारी, पंखा सुरू ठेवून आणि बंद करून, तो माणसाला ओळखतो की नाही हे पाहिले पाहिजे. कुंभकोणमच्या हवामानात थंड ऋतूतील एकाच चाचणीवर विसंबून राहता येत नाही. महाराष्ट्रातील विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश येथील बाजारपेठांमध्येही उन्हाळ्याचे तापमान त्वचेच्या तापमानाहून अधिक असते आणि छताला पंखेही असतात. त्यामुळे तेथील दुकानदारांना आणि संस्थांनाही सेन्सर खरेदी करण्यापूर्वी खोलीचे तापमान, पंख्याची जागा आणि खोली रिकामी राहण्याचे तास या तीन बाबींची नोंद करणे उपयुक्त ठरेल.